सोनूबाईनं राखून ठेवलेलं रडणं

सोनूबाई रागीट आहे, हे वैशाखरे गावाच्या वरच्या पाड्यावर कुणीही सांगेल. एरवीचा राग ती भांड्यांवर काढायची आणि मोकळी व्हायची. पण यंदाच्या पावसाळ्यात आलेला राग उतरायचं नावच घेत नव्हता. ज्याच्यावर काढायचा तो माणूस गाडी पळवून निघून गेला होता, आणि उरलेले सगळे तिला आनंद करायला सांगत होते.

तिचा नवरा चांगो पावसाळ्यात माळशेजच्या रस्त्याला भाजलेली कणसं विकायचा. धबधब्याखाली भिजून, पिऊन परतणाऱ्या कुणीतरी त्याला संध्याकाळी घरी येताना उडवलं. गाडी थांबली नाही, नंबर कुणी पाहिला नाही. पंचनामा झाला आणि सरकारच्या लेखी प्रकरण मिटलं.

हा चांगो पहिल्यापासून काही देवमाणूस नव्हता. मोहाची दारू ढोसायचा आणि बायकोला बडवायचा. सोनूबाईही मुकाट मार खाणाऱ्यातली नव्हती. एकदा तिनं फुंकणीनं असा हाणला की पाडाभर तो लंगडत फिरला. मग गावातलाच कमळाकर, मुरबाडच्या कारखान्यात नोकरीला असलेला, ख्रिस्ती झाला आणि घरी प्रार्थना घेऊ लागला. चांगो तिथं जाऊन बसू लागला, आणि कसं काय कोण जाणे, त्याची दारू सुटली. सुटताना त्याचं अंग लटलटायचं तेव्हा कमळाकर त्याला धरून बसायचा, हे सोनूबाई कधी विसरली नाही. “नवरा दुसऱ्यांदा मिलाला,” असं म्हणत तिनंही बाप्तिस्मा घेतला. गावानं दोघांना लग्नाकार्यातून वगळलं. भिंतीला भिंत लागून राहणारी जाऊ पारू, तिनंही बोलणं टाकलं.

पण चांगोचं प्रेत दारात आलं तेव्हा पहिली धावली ती पारूच. पाड्यावर माणूस गेलं की बायका एकमेकींच्या गळ्यात पडून हेल काढून रडतात. त्या रडण्यात गेलेल्याचं सगळं केलेलं येतं: कुठला बांध घातला, कुणाला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं. ज्याच्यासाठी असं कुणी रडलं नाही, तो माणूस निरोपावाचून गेला असं धरतात. पारूनं उंबऱ्यात पहिला हेल काढला आणि कमळाकर आडवा आला.

“पारूवयनी, आमच्यात असं रडत नाय. तो देवाकडं गेलाय. आमी गानी म्हनतो.”

त्यानं खूण केली, ढोलकी सुरू झाली, आणि टाळ्या एवढ्या जोरात वाजल्या की पारूचा आवाज पार बुडून गेला. ती पदर सावरून परत गेली. सोनूबाईचं रडणं राहूनच गेलं. मसणवट्यात गावानं जागा दिली नाही म्हणून चांगोला त्याच्याच डोंगरउताराच्या वरकस जमिनीत, नाचणीच्या तुकड्याला लागून पुरलं. तिथंही गाणीच झाली.

पुढे दर रविवारी कमळाकरचं तेच. ही देवाची योजना आहे, सोनूताई. यासाठीसुद्धा उपकार माना. एका रविवारी तिचा तोल सुटला.

“गाडी देवानं चालवली काय?” तिनं भर प्रार्थनेत विचारलं. “दारू पिऊन मानूस मारनाऱ्याचं पाप तुमी देवाच्या माथी मारता?”

कमळाकर गोरामोरा झाला. त्याची बायको भाविका खाली मान घालून बसली. कमळाकर वाईट नव्हता. तो घाबरलेला होता. यांच्या देवानं काय वाचवलं, असं गाव म्हणेल, ही त्याची धास्ती. म्हणून त्याला हसणारी विधवा हवी होती. पण दुसऱ्याच्या काळजावर पाय देऊन आपल्या देवाची अब्रू राखायची, याला भक्ती म्हणायचं कसं? देवाला एवढी राखण लागत असेल असं सोनूबाईला तरी वाटत नव्हतं.

भात पिकलं. चांगोनं लावलेलं. मुलगी आटगावला दिलेली, तिच्या कडेवर तान्हं, त्यामुळे सोनूबाई एकटीच कापणीला उतरली. बघते तर शेजारच्या ओळीत पारू विळा घेऊन वाकलेली. न बोलावता आली होती. दोघी कापत पुढे सरकल्या.

“चांगोभावजींची लावनी वाकडी ती वाकडीच,” पारू म्हणाली. दोघींना हसू फुटलं आणि लगेच मावळलं.

“आता रडशील काय गो?” पारूनं हळूच विचारलं.

“रडेन. पन हितं चोरून नाय रडनार.”

झोडणी उरकल्यावर मंडळीत, म्हणजे कमळाकरकडे प्रार्थनेला जमणाऱ्यांत, उपकारस्तुतीचा सण असतो. नव्या पिकातलं काहीतरी प्रत्येकानं आणायचं, पुढे ठेवायचं आणि देवानं काय दिलं ते बोलायचं. यंदा मुरबाडहून पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी कमळाकर येऊन सांगून गेला, “सोनूताई, तुमी साक्ष द्या. दुःखातपन आनंद हाय म्हना. तेवढं रडू नका.”

“येते,” सोनूबाई एवढंच म्हणाली.

ती आली ती पारूला घेऊन. दोघींच्या डोक्यावर नव्या तांदळाची एकेक टोपली. पारूला पाहून कुजबुज झाली. सोनूबाईनं टोपली पुढे ठेवली आणि लोकांकडे तोंड केलं.

“देवानं माझ्या नवऱ्याची दारू सोडवली. उपकार मानते. मारनारा हात त्यानं माझ्या भाकरीला लावला, चुलीपाशी बसून भाकऱ्या थापायचा. उपकार मानते. हा तांदूळ दिला, उपकार मानते.” मग तिचा आवाज चढला. “पन त्याला मारला त्याचे उपकार नाय मानत. जल्मात नाय माननार. देवालापन त्याचा राग आला असंल, नसंल तर यावा.”

आणि ती वळली, पारूच्या गळ्यात पडली आणि हेल काढला. चांगोचं नाव घेऊन, त्याचा बांध, त्याची वाकडी लावणी, त्याची कणसं, फुंकणीचा मारसुद्धा. एकेक काढून ती रडली आणि पारू तिचा हेल उचलून धरत गेली. पाहुणे चुळबुळले. कमळाकरनं ढोलकीवाल्याला खूण केली. त्यानं हात उचलला तोच भाविका उठली आणि तिनं ढोलकीवर पालथा हात ठेवला. मग तीही त्या दोघींत जाऊन मिसळली, तिच्यामागे आणखी बायका. ज्यांनी आपापली माणसं टाळ्या वाजवत पुरली होती, त्या सगळ्या रडत होत्या.

आवाज ओसरल्यावर कमळाकर जवळ आला. त्याचेही डोळे लाल झाले होते.

“झालं ना, सोनूताई?”

“नाय झालं. पुढच्या रविवारीपन रडेन.” तिनं पदरानं तोंड पुसलं आणि टोपली त्याच्याकडे सरकवली. “तांदूळ देवाचा हाय, तो घ्या. रडनं चांगोचं हाय, ते तुमाला मिलनार नाय.”

आणि पाहुण्यांसाठी अंथरलेल्या पुढच्या सतरंजीवर ती पारूचा हात धरून बसली.