दोन खुणांच्या मधोमध

"बोर एकच मारायचा आहे ना?"

"एकच."

"मग खुणा दोन कशा?"

"तोच तर इश्यू आहे, काका," सेक्रेटरी म्हणाला आणि कमरेचा मोबाइल उगाच काढून परत लावला.

हडपसरच्या एका नव्या सोसायटीचं पार्किंग. माझ्या दोन्ही गाड्या आत आलेल्या. बोरला दोन गाड्या लागतात. एकीवर रिग, म्हणजे भोक पाडायचं यंत्र. दुसरीवर कॉम्प्रेसर. तो हवा दाबून देतो, त्या हवेवर खाली हातोडा चालतो, आणि तीच हवा फुटलेल्या दगडाची भुकटी वर फेकते. माझी माणसं तमिळनाडूकडची. ती रॉड लावून उभी. आणि जमिनीवर एका बाजूला पांढरी फुली, दुसऱ्या बाजूला शेंदूर लावलेला दगड. मध्ये दोन मोटारी सहज उभ्या राहतील एवढी जागा.

फुली होती सेक्रेटरीची. नितीन राऊत त्याचं नाव. आयटीत मोठ्या हुद्द्यावर. त्याने भूगर्भवाला माणूस आणून मशीनने जमीन तपासून घेतली होती. शेंदूर त्याच्या वडिलांचा. राऊत गुरुजी, यवतमाळकडच्या शाळेत मास्तर होते. बायको गेल्यावर पोराकडे राहायला आले. त्यांनी पाणाड्या आणला होता. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून चालतो, नारळ उभा राहिला की खाली पाणी. मी या धंद्यात जन्म घालवला. मशीनवाल्याचंही कोरडं गेलेलं बघितलंय आणि नारळवाल्याचंही. माझं त्यावर काही म्हणणं नसतं. मला एक खूण द्या, मी भोक पाडतो.

पण इथे मामला पाण्याचा नव्हता. वॉचमनच्या केबिनपाशी एक जुनी बॅग ठेवलेली होती, दोरीने बांधलेली. नितीनची बायको चहा घेऊन खाली आली तेव्हा हळूच म्हणाली, "काका, ती बाबांची बॅग. आज संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने गावाला जातायत. कायमचे. तिकडे आता कोणीसुद्धा नाही त्यांचं."

"काहून?" मी मुद्दाम त्यांच्याकडचा शब्द वापरला. तिला हसू आलं नाही.

झालं होतं असं. त्यांच्या मुलीने शाळेसाठी चार्ट केला. विश्वाचं वय. लांबच लांब कागदाची पट्टी, एका टोकाला सगळं सुरू झालं ते, तेराशे-चौदाशे कोटी वर्षांपूर्वी. दुसऱ्या टोकाला माणूस. पोरीने आजोबांना विचारलं, आजोबा, यात देवाने जग कुठे केलं? गुरुजींनी पेन घेतलं आणि पहिल्या टोकाला लिहून दिलं, 'ईश्वराने निर्माण केले.' मास्तरचं अक्षर, छापल्यासारखं. संध्याकाळी नितीन घरी आला. त्याने ते बघितलं आणि त्यावर व्हाइटनर फिरवला.

स्वतःच्या बापाच्या अक्षरावर.

मला पहिल्यांदा हसू आलं, मग डोकं फिरलं. माझी बायको सुमन चैत्रात गेली. पोटाचं दुखणं होतं, डॉक्टर म्हणाले उशीर झाला. तेव्हापासून बिबवेवाडीच्या घरात मी आणि टीव्ही. भांडायला माणूस नाही. आणि ही दोन जिवंत माणसं एका छताखाली राहून चौदाशे कोटी वर्षांपूर्वी काय झालं यावरून घर मोडायला निघालेली. तेव्हा कोण हजर होतं? ना हा, ना तो.

"साहेब," मी नितीनला म्हटलं, "दोन वाजल्यानंतर तुमच्या त्या गेटातून माझी गाडी निघत नाही, शाळेच्या बस लागतात. मारायचा तर आत्ता सांगा."

"मी लॉजिकल बोलतोय काका. सर्व्हेचा रिपोर्ट आहे. नारळावर आपण सोसायटीचं काम करायचं का?"

गुरुजी लांबूनच म्हणाले, "त्याला सांगा शेवाळेभाऊ, नारळ राहू दे. निदान पूजा तरी कर म्हणावं. जमिनीला भोक पाडायच्या आधी माणूस हात जोडतो. तेही याला चालत नाही."

दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. माझ्यामार्फत बोलत होते. मी काय टपाल खातं आहे?

शेवटी नितीनने तोड काढली. असली तोड फक्त सोसायटीची कमिटीच काढू जाणे. "ठीक आहे," तो म्हणाला, "बाबांचंही मन राहू दे, रिपोर्टचंही. आपण दोन्हींच्या मधोमध घेऊ. आणि पूजा नको, फक्त नारळ फोडा."

"मधोमध?" मी विचारलं. "मधोमध पाणी आहे असं कोण म्हणालं? मशीन म्हणालं? पाणाड्या म्हणाला?"

"कोणीच नाही. कॉम्प्रोमाइज आहे."

"गुरुजी, तुम्हाला चालतंय?"

"माझं काय, मी संध्याकाळी चाललो."

मग मारा मधोमध. मला काय! नारळ फोडला. तोही नितीनने असा आपटला की अर्धा एका गाडीखाली गेला.

हातोडा खाली गेला. वरचा मुरूम संपला, तिथे केसिंग घातलं. केसिंग म्हणजे लोखंडी पाइप, वरची सैल माती आत ढासळू नये म्हणून. मग काळा कातळ लागला. पुण्याखाली सगळा कातळच आहे. भुकटी उडायला लागली. राखाडी भुकटी सगळ्या गाड्यांवर, सुकत घातलेल्या कपड्यांवर, तिसऱ्या मजल्याच्या मनीप्लांटवर. मध्ये थोडी लाल माती आली, पुन्हा काळा कातळ. रॉडवर रॉड गेले. धूळ. नुसती धूळ. ओल म्हणून नाही.

बंद केलं. सगळ्या सोसायटीत शांतता. आणि मग दोघे सुरू झाले. पहिल्यांदाच एकमेकांशी.

"रिपोर्टच्या पॉइंटवर घेतला असता तर प्रोबॅबिलिटी..."

"पाणाड्याच्या जागी घेतला असता तर..."

"बास!" मी ओरडलो. केवढ्यानं ओरडलो ते वरच्या बायका गॅलरीत आल्या त्यावरून कळलं. "दोघांनीही तिथे घेतला नाही. दोघांनीही आपापलं खरं सोडलं आणि जिथे कोणाचंच काही नाही तिथे भोक पाडलं. माझी बायको असती तर म्हणाली असती, बरं झालं कोरडा गेला. तुम्ही घरात असंच करताय. पोरीला काय सांगणार? निम्मं जग देवाने केलं आणि निम्मं आपोआप झालं?"

 मलाच वाटलं जास्त झालं. गिऱ्हाइकाशी असं बोलू नये. सुमन मला नेहमी म्हणायची, तुमचं तोंड म्हणजे कॉम्प्रेसर, एकदा सुरू झालं की सगळ्यांच्या अंगावर धूळ.

जरा वेळाने नितीन म्हणाला, "काका, जागा फुलीची घेऊ. मशीनचं काम मशीनला करू दे." मग बापाकडे न बघता म्हणाला, "आणि सुरुवात बाबांना जशी करायची तशी करू दे. पूर्ण."

गुरुजी लगेच उठले नाहीत. मास्तर होते शेवटी. दोन क्षण रुसून घेतलं. मग वर जाऊन ताम्हन, पळी-पंचपात्र घेऊन आले.

फुलीपाशी बसले. बसताना खिशातून एक सुपारी काढली आणि धोतराच्या कमरेला खोचली. मी बघत होतो. पूजेला बसताना बायको शेजारी लागते. ती नसेल तर सुपारी लावतात. त्यांनी दुसरी सुपारी काढून माझ्यापुढे धरली.

"बसा शेवाळेभाऊ. यंत्र तुमचं आहे."

"मला नको," मी म्हटलं. "सुपारीने बायको भरून निघते का?"

"नाही निघत," गुरुजी म्हणाले. "जागा ठेवायची असते, बाप्पा."

मी काही नास्तिक नाही. पण चैत्रापासून मी देवाशी बोलत नव्हतो. नव्या बिटला, म्हणजे हातोड्याच्या टोकाला जो दातेरी लोखंडी गोळा असतो त्याला, सुमन हळदकुंकू लावायची. ती गेल्यापासून बिट तसाच जमिनीत जायचा. कोणी विचारलं तर मी सांगायचो, लोखंडाला काय कळतंय. पण सुपारी घेतली. पँटच्या पट्ट्यात खोचली आणि बसलो.

गुरुजींनी संकल्प सुरू केला. आपण सगळ्यांनी शंभरदा ऐकलेला असतो. भटजी भराभर म्हणतात आणि आपण घड्याळ बघतो. गुरुजी सावकाश म्हणत होते, वर्गात शिकवल्यासारखं. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा दुसरा अर्धा भाग चालू आहे. त्यातला हा कल्प, त्यातलं हे मन्वंतर, त्यातलं हे कलियुग, त्याचा पहिला चरण. मग देश, मग गोदावरीच्या दक्षिणेचा काठ. मग आजचा वार, आजची तिथी. आणि शेवटी, एवढ्या सगळ्याच्या टोकाला, माझं नाव.

नितीन उभा राहून ऐकत होता. "बाबा, हा कल्प सुरू होऊन किती वर्षं झाली म्हणतात?"

"दोनशे कोटींच्या आसपास."

"पृथ्वीच साडेचारशे कोटींची आहे. आकडा चुकलाय."

मला वाटलं झालं, पुन्हा पेटलं. मी कॉम्प्रेसरकडे बघायला लागलो.

"चुकला असेल," गुरुजी म्हणाले. "मोजणारी माणसंच होती. तुझ्या लोकांचाही आकडा उद्या बदलेल, तेव्हा तू काही नोकरी सोडणार नाहीस. मी आकडा सांगायला संकल्प म्हणत नाही. एवढ्या मोठ्या काळात मी कुठे उभा आहे, ते काम सुरू करायच्या आधी एकदा मोठ्याने म्हणतो. एवढंच."

नितीनने पळी उचलून गुरुजींच्या हातात दिली. पटलं असं नाही. पण दिली.

मी हळद आणि कुंकू मागून घेतलं आणि बिटला लावलं.  

हातोडा पुन्हा खाली. मुरूम, केसिंग, कातळ. मग तेवढ्याच खोलीवर पुन्हा लाल माती. पहिल्या भोकातही आली होती, पण तेव्हा दोघे एकमेकांकडे पाठ करून उभे होते. बोरवाल्याला ही माती शत्रू. ती ढासळते, रॉड अडकवते. मी शिवी हासडली.

नितीनने मूठभर उचलली. "काका, ही काय आहे माहितीये?"

"कटकट."

"ही जमीन होती. वरची. म्हणजे खालचा दगड लाव्हा होता, तो थंड झाला. मग त्यावर ऊन, पाऊस, वारा. हजारो वर्षं. त्याची माती झाली. मग पुन्हा लाव्हा आला आणि ही झाकली गेली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. आज पहिल्यांदा उघडी होतेय."

गुरुजी जवळ आले. पोराच्या तळहातावरची माती बोटाने चोळून बघितली. "म्हणजे हिच्यावर ऊन पडत होतं?"

"हो."

"काही उगवलं असेल का रे?"

"असेल ना बाबा. काहीतरी असेलच."

गुरुजींनी ती माती कपाळाला लावली नाही की काही नाही. नुसती हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "चार्टवर तुझंच बरोबर होतं. तो विज्ञानाचा चार्ट होता. मी तिथे लिहायला नको होतं. पण व्हाइटनर नव्हता लावायचा, नितीन. मला सांगायचं. मीच खोडलं असतं."

नितीनने वाकून आणखी मूठभर माती उचलली आणि त्यांच्या हातात ठेवली. 

मी माझ्या शर्टाकडे बघत होतो. लाल डाग. जन्मभर हे डाग घेऊन मी घरी गेलो आणि सुमन जन्मभर मोरीत बसून ते घासत राहिली. बडबड करत. जात नाहीत मेले, म्हणायची. साडेसहा कोटी वर्षांची माती आमच्या मोरीतून वाहून गेली आणि आम्हा दोघांना पत्ता नाही. देवाने हे सगळं केलं असेल तर त्याच्याकडे वेळ भरपूर आहे. मग तिला आणखी एक दिवाळी द्यायला त्याचं काय जात होतं, हे मला अजून कळलेलं नाही. विज्ञानालाही विचारलं. तेही गप्प आहे. आमचं बोलणं मात्र त्या दिवसापासून पुन्हा सुरू आहे, देवाचं आणि माझं. एकतर्फी. भांडणाचंच.

लाल माती संपली आणि तिच्याखालच्या कातळात भुकटी ओली झाली. मग गोळे पडायला लागले. मग फवारा. फार जोराचं पाणी नव्हतं, पण पुढे सोसायटीचा पाण्याचा टँकर कमी झाला. पाणाड्याच्या जागी लागलं असतं का? कोणाला माहीत. मशीनने खूण केली होती म्हणून लागलं, की संकल्प म्हटला म्हणून? नितीनला विचाराल तर एक सांगेल, गुरुजींना विचाराल तर दुसरं. मी विचारलं नाही. शाळेच्या बस लागायच्या आत मला गाडी काढायची होती.

गाडी बाहेर काढताना बघितलं, केबिनपाशी बॅग नव्हती. नितीन ती जिन्याने वर नेत होता आणि गुरुजी मागून म्हणत होते, "दोरी धरून उचलू नको बे, तुटते."

सुपारी माझ्या पट्ट्यात तशीच राहिली. घरी गेल्यावर सापडली. फेकली नाही.

मधलं भोक अजून आहे. मी त्यावर लोखंडी झाकण बसवून दिलं. त्यावर कोणी गाडी लावत नाही, खचेल म्हणतात. माझं ऐकाल तर दोघांचं मन राखायला कधी मधोमध खणू नका. पाणी लागत नाही, आणि झाकण जन्मभर सांभाळावं लागतं.