एक्केचाळीसचा खिळा

डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅमिकमध्ये काझिक वोय्तालाच्या घरी गेलं की आधी हात धुवावे लागत. मग तो पाहुण्याला भिंतीसमोर उभं करी. भिंतीवर साठ खिळे आणि खिळ्यांवर चित्रांच्या रेकॉर्डी. आत पत्रा, त्यावर रंगीत चित्राचा कागद आणि वरून पारदर्शक थर, त्यात गाणं. युद्ध संपल्यावर जेमतेम वर्षभर त्या इथेच, डेट्रॉइटात निघाल्या, आणि कारखाना बसला.

मोटारींना दारं बसवता बसवता काझिकने एकोणसाठ जमवल्या होत्या. एक्केचाळीस नंबरचा खिळा तेवढा रिकामा, तिथे पोल्का या नाचगाण्याची एक रेकॉर्ड हवी होती. त्या पोल्कावर तो आणि स्टाशा आपल्या लग्नात नाचले होते. तीच रेकॉर्ड भाड्याच्या पहिल्या घरी विसरली, तीही स्टाशाच्या म्हणण्याप्रमाणे काझिकच विसरला. लग्नाला पस्तीस वर्षं होतील त्या दिवसापर्यंत आणून देतो, असा शब्द त्याने दिला होता. तो दिवस आठवड्यावर आला होता.

एवढा संग्रह, पण वाजवायची एकही नाही. सुईने चित्रावर ओरखडे येतात, असं या जमवणाऱ्या सगळ्यांचंच म्हणणं. बायको म्हणे, यांनी एकोणसाठ गायिका घरात आणल्या आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लावलं.

ईस्टरआधीचे उपवास सुरू होण्याआधीच्या मंगळवारी, घरोघरी पाँचकी, म्हणजे जॅम भरलेले गोड वडे, तळतात त्या दिवशी, ओळखीतली गेनामावशी आली. पंचाहत्तरीची, जीभ मात्र विशीतली. रेकॉर्डींच्या त्याच कारखान्यात ती पूर्वी साच्यात चित्रं मांडायची. हातात जॅमचा पाँचकी घेऊन ती भिंतीसमोर उभी राहिली, तेव्हा काझिकचा जीव टांगणीला लागला. सतरा नंबरच्या रेकॉर्डीवरच्या खलाशाच्या चित्राकडे बोट दाखवून ती सहज म्हणाली, की पोल्काच्या चित्राचे कागद संपले होते त्या दिवशी मुकादम ओरडायला लागला, म्हणून तिने पोल्काच्या साच्यात हाताला लागले ते खलाशीच मांडले. दहा-बारा निघाल्या असतील तशा.

"मग ही तशी आहे का?" काझिकने विचारलं.

"मला काय ठाऊक? वाजवून बघ. की लग्न झालं तरी बायकोचं तोंड बघायचं नाही, असा नेम आहे तुझा?"

वरच्या खोलीतून स्टाशा आपला जुना ग्रामोफोन घेऊन आली. काझिकने खलाशाला फलालीनच्या फडक्याने पुसलं, परत पुसलं. मग सुई टेकवली. खरखर झाली आणि अकॉर्डियन सुरू झालं. तोच पोल्का.

स्टाशा बसलेलीच राहिली. गाणं संपल्यावर म्हणाली, "परत लाव."

काझिकने परत लावली. तीन वेळा. खलाशाच्या टोपीवर पांढरी बारीक रेघ उमटली, ती त्याला दिसली, तरी त्याने सुई उचलली नाही.

संध्याकाळी त्याने खलाशाला उचलून एक्केचाळीसच्या खिळ्यावर टांगलं. आता सतराचा खिळा रिकामा झाला. स्टाशाने बघितलं आणि हसून भांडी घासायला गेली.

पुढच्या रविवारी चर्चच्या तळघरातल्या जुन्या सामानाच्या बाजारात एका दुकानदाराकडे खलाशाच्या चित्राची आणखी एक रेकॉर्ड निघाली. काझिकने पाकीट बाहेर काढलं, मग परत खिशात घातलं.

"आधी वाजवून दाखवा," तो म्हणाला.

शेजारचे दोघे जमवणारे दूर सरकले. दुकानदार म्हणाला, "वोय्तालासाहेब, तब्येत बरी आहे ना?"