बॉटनीची सात नावं

बोर्डावर दोन याद्या लावल्या होत्या. केमिस्ट्रीची लांबलचक, चार पानं एकाखाली एक टाचलेली. बॉटनीचं एकच पान, त्यावर सहा नावं. मी ती तीनदा वाचली. माझं नाव नव्हतं.

"अगं, तू इकडे आहेस," माझी विठ्ठलवाडीची मैत्रीण म्हणाली. तिचं बोट केमिस्ट्रीच्या तिसऱ्या पानावर होतं.

मला आधी हसूच आलं. ऑफिसवाल्यांचा घोळ, दुसरं काय.

आमच्या उल्हासनगरच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षी केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी असे तीन विषय होते, दुसऱ्या वर्षी त्यातले दोन (आमच्या बॅचला केमिस्ट्री आणि बॉटनी), आणि शेवटच्या वर्षाला एकच. जो घ्याल त्यात तुम्ही पदवीधर. अंबरनाथ-बदलापूरची पोरं डोळे मिटून केमिस्ट्री घेतात. एमआयडीसीत केमिकलच्या कंपन्या, कंपनीत लॅब, लॅबमध्ये नोकरी. बॉटनीकडे कोण जाणार? बॉटनीच्या मॅडमनी आधीच सांगून टाकलं होतं, "सात नावं आली तर वर्ग चालेल. सहा आली तर तुम्ही सगळे केमिस्ट्रीत."

मला बॉटनीच हवी होती. कारण फार मोठं नाही. दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलला भोपळ्याच्या वेलाचा आडवा काप घ्यायचा होता, साध्या ब्लेडने, कागदाहून पातळ. माझा काप मॅडमनी मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि अख्ख्या बॅचला रांगेने बघायला लावला. आमच्या दारात तोच वेल पत्र्यावर चढलेला असायचा. त्याच्या पोटात एवढ्या नळ्या, एवढी रांगोळी असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि माझ्या हातचं काम लोकांनी रांग लावून बघितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

सातातले चौघे आपणहून आले होते, पाचवी मी. उरलेल्या दोघांना मीच पटवलं. या विठ्ठलवाडीच्या बाईला तर तीन दिवस लागले आणि दोन प्लेट रगडा पॅटिस.

मी ऑफिसात गेले. तिथल्या क्लार्कबाई सिंधी. मराठी सगळं समजायचं, बोलायच्या हिंदीत.

"मॅडम, माझं नाव चुकून केमिस्ट्रीत गेलंय."

"चुकून नहीं बेटा. कल तेरे पापा आए थे ना."

"माझे?"

"हां. सफेद शर्ट. कितने शरीफ आदमी हैं, चप्पल बाहर निकालके अंदर आए."

मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचे असतील. त्यांनी फाइल काढून अर्ज पुढे ठेवला. मजकूर इंग्रजीत, वळणदार अक्षर, ते ओळखीचं नव्हतं. खालची सही मात्र मी पहिलीपासून प्रगतीपुस्तकावर बघत आले होते. आडनाव संपलं की खाली एक रेघ, रेघेखाली दोन टिंबं.

दोन वर्षांत बाबा कॉलेजच्या गेटच्या आत आले नव्हते. अ‍ॅडमिशनच्या दिवशीसुद्धा बाहेर रिक्षा स्टँडवर थांबले. "तू जा आत, मला काय कळतंय त्यातलं," म्हणाले होते. तोच माणूस एकटा आत आला, ऑफिस शोधलं, आणि माझा विषय बदलून गेला.

मैत्रीण दारातून सगळं ऐकत होती.

"वा गं वा! मला ढकललंस पाल्यात आणि स्वतः चाललीस कंपनीत?"

"मी नाही केलं."

"मग काय भुताने केलं?"

"बाबांनी."

ती बोटं मोजल्यासारखं करून म्हणाली, "म्हणजे आम्ही सहाच."

क्लार्कबाई म्हणाल्या, "कल एक बजे तक लिस्ट खुली है. पर जिसने साइन किया, उसी का साइन लगेगा."

बदलापूरला हेंद्रेपाड्यात घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. बाबा फर्स्ट शिफ्ट करून आले होते, चहा बशीत ओतत होते. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत ते ऑपरेटर.

"बाबा, तुम्ही काल कॉलेजात गेला होतात?"

"गेलो होतो." भाजी आणायला गेलो होतो, अशा आवाजात.

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर ऐकलं असतंस? आमच्या केमिस्ट साहेबाला विचारलं. तो म्हणाला बॉटनी म्हणजे झाडं. आता आमच्या कंपनीत माळी आहे, त्याला कुठं डिग्री लागते गो? साहेबानंच अर्ज लिहून दिला. बिचारा."

आई आतून ओरडली, "आणि मला म्हणाले साखरपुड्याला चाललोय! शर्टाला इस्त्री करून घेतली माझ्याकडून!"

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. आवाज शेजारच्या गल्लीत गेला असणार. बाबा हलले नाहीत. "केमिस्ट्रीच. विषय संपला."

"ठीक आहे," मी म्हटलं. "मग त्या सहा जणांना तुम्हीच येऊन सांगा."

"कुठल्या सहा?"

मी सात नावांचा नियम सांगितला. बाबांनी बशी खाली ठेवली.

"थांब. माझ्या सहीनं अख्खा वर्ग बंद?"

"हो."

"एका सहीनं?"

"हो!"

"ऐकलंस का गो?" ते आईला म्हणाले. "वर्ग बंद पाडला मी." मग माझ्याकडे वळून, "अगं, बावीस वर्षं मस्टरवर सही करतोय. नाही केली तर माझा खाडा पडतो, बाकी कुणाचं काही अडत नाही." माझ्यापेक्षा त्यांनाच मोठा धक्का बसला होता. थोड्या वेळाने विचारलं, "त्यात आपल्याकडचं कोण आहे?"

"कुळगावचा एक मुलगा आहे. वडील रिक्षा चालवतात."

"त्याला कळलं, माझ्यामुळे ते?"

"अजून नाही."

"सांगू नको."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिफ्ट बदलून घेतली. कंपनीच्या गणवेशातच निघाले, परत येताना थेट कामावर जाता यावं म्हणून. बाईक अंबरनाथमधून जाताना एमआयडीसीच्या वळणावर सवयीने हळू झाली, मी पाठीवर थाप मारली तेव्हा सरळ निघाली. कॉलेजात पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. आणि हा माणूस ऑफिसच्या दारात खाली बसून कंपनीच्या जाड बुटांच्या नाड्या सोडतोय! दोन्ही बुटांच्या!

"अरे, आप फिर आ गए?" क्लार्कबाई म्हणाल्या. कोरा कागद दिला. "अर्जी लिखिए. कारण भी लिखना पड़ेगा."

"मी लिहिते," मी हात पुढे केला.

"नको. पहिला परक्यानं लिहिला. हा मी लिहितो."

मराठीतच लिहिलं, एकेक अक्षर दाबून. 'माझ्या मुलीचे नाव परत बॉटनीमध्ये घालावे.' पुढे 'कारण' लिहिलं आणि पेन थांबलं. भिंतीवरचा काटा एकच्या जवळ सरकत होता. मला वाटलं, आता लिहितील, मुलीची आवड. खोटं कशाला बोलू, मला ते हवंच होतं.

त्यांनी लिहिलं, 'सात पाहिजेत.'

सही केली. रेघ. दोन टिंबं.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, आणि सर्टिफिकेटवर बॉटनी आहे. बाबांना तो विषय अजून पटलेला नाही. पाहुणे विचारतात, पोरीने काय केलं? तेव्हा ताठ बसून सांगतात, "बीएस्सी." कशात, असं कुणी विचारलंच तर म्हणतात, "ते तिला विचारा. पण तो वर्ग माझ्या सहीनं चालला."

बंद कुणाच्या सहीने पडत होता, ते सांगत नाहीत. कुळगावच्या मुलाला मीही आजवर सांगितलेलं नाही.