आबांच्या ओव्या आणि जुनं मशीन

लेकीच्या लॅपटॉपने अपडेटचं विचारलं, की इंदापुरातलं माझं टायपिंगचं दुकान आठवतं. पंच्याण्णवची विंडोज आली होती, आणि माझं जुनं मशीन पान उघडेपर्यंत चहा गार व्हायचा. शेवटी बारामतीहून मेकॅनिक आला, नवी मेमरी आणि ती नवी विंडोज घेऊन. म्हणाला, "ताई, तुमचं मराठी सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालणार न्हाय. नवं यायला वरीस जाईल." बाकावर निरवांगी गावचे आबा बसले होते. मेंढरांमागं फिरताना त्यांची आई गायची त्या ओव्या ते मला सांगत. निम्म्याच टाइप झाल्या होत्या. धापा टाकत म्हणाले, "मला वरीसभर दम न्हाय निघायचा." त्या संथ मशीनपुढे मी पार थकले होते, तरी मेकॅनिकला माघारी धाडलं. दिवाळीपर्यंत ओव्या छापून झाल्या. तोवर गिऱ्हाईक झटपट काम देणाऱ्या समोरच्या दुकानात गेलं, ते परतलंच नाही. पस्तावले नाही, पण तेव्हाचा थकवा अजून अंगात आहे.