दादांची मान

दारुड्याच्या वस्तऱ्याखाली मान कोण देणार? धाकट्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं एकेक करून पांगली. उरले एकटे दादा, त्याचे थोरले भाऊ. पोस्टातून निवृत्त झालेला हा माणूस रोज सकाळी दुकान उघडताच खुर्चीत बसायचा, अन् तेही डोळे मिटून. सख्खा भाऊ पडला ना, करतो काय!

दादांनी आपली एक परीक्षा ठरवली होती. दाढी करताना हात स्थिर राहिला, तर दिवसभर दुकान चालू. कातडी कापली, तर स्वारी सकाळीच ढोसून आली असं समजायचं आणि तिला घरी पिटाळायचं. वासावरून काही कळायची सोय नव्हती. दुकानात दाढीनंतरच्या लोशनचा घमघमाट असायचा.

त्या आठवड्यात लागोपाठ तीन दिवस रक्त निघालं. तिसऱ्या दिवशी धाकटा तुरटी चोळत हळूच म्हणाला, की शपथ, थेंब घेतला नाही. चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणून दादांनी त्याला चार गिऱ्हाइकांदेखत फैलावर घेतलं. गिऱ्हाइकं कसली, फुकटचा पेपर वाचायला आलेली रिकामटेकडी. ती हसली. धाकट्यानं मान खाली घातली आणि दुकान बंद केलं.

चौथ्या दिवशी वस्तरा असा फिरला, की दादांचा डोळा लागला. कुठे ओरखडासुद्धा नाही. दादांनी त्याची पाठ थोपटली, शाबासकी दिली आणि ते शेजारच्या शिंप्यालाही दाढीला बोलवायला निघाले.

दारातच भावजय भेटली. डबा घेऊन आली होती. रडून रडून डोळे सुजलेले.

"दादा, तीन दिवस तो खरंच प्याला नव्हता," ती म्हणाली. "सोडली की हात कापतात, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. काल तुम्ही हाकलल्यावर तो सरळ गुत्त्यावर गेला. आजही घेऊनच आलाय."

 शिंप्याकडे न जाता दादा मागे फिरले आणि पुन्हा खुर्चीत बसले. हनुवटीवरच्या तीन दिवसांच्या खपल्या त्यांनी चाचपल्या.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "उद्या घेऊ नकोस. कापलंस तरी चालेल मला."

धाकटा वस्तरा पुसत होता. हात जराही हलत नव्हता.

"आता कशाला कापेन, दादा?" तो म्हणाला. "हात बसलाय माझा."