भूषणचा अल्बम आणि ठेकेदाराचा खड्डा

फोन माझ्या दाजींचा, भूषणच्या वडिलांचा होता, पण बोलत होता त्यांचा शेजारी. "तुमचा भाचा... चोपड्याकडे येत होता... मोटरसायकल खड्ड्यात गेली." मी पोहोचलो तेव्हा भूषण गेलेला होता. रुंदीकरणासाठी अर्धा रस्ता खोदून ठेवलेला. ना फलक, ना दिवा, ना साधी दगडांची रांग. त्याच्या खिशात गोळ्यांचं नवं पाकीट होतं. जळगावला डॉक्टरांना दाखवून तो माझ्याकडेच यायला निघाला होता. तिथे उभा असलेला हवालदार मला म्हणाला, "पोरगा मरणाची गाणी म्हणायचा ना? मुद्दामच घातली असेल गाडी." खड्डा ठेकेदाराचा आणि दोष माझ्या भाच्याच्या डोक्याचा! काही आठवडे उलटले, पण ते वाक्य आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

मी केळीचा व्यापारी. रॅप म्हणजे काय हे मला भूषणनेच समजावलं, आणि मला ते फारसं समजलं नाही. पण तो आजारी होता तेव्हाचं मला सगळं माहीत आहे. धुळ्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात छान काम चाललेलं, आणि एके दिवशी हा अंथरुणातून उठेचना. आंघोळ नाही, बोलणं नाही, भिंतीकडे तोंड करून पडलेला. दाजींनी आधी त्याला साक्रीकडच्या एका भगताकडे नेलं. त्याने कडुलिंबाच्या पाल्याची धुरी देऊन पोराचे डोळे सुजवले. मग मी भांडून त्याला जळगावला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. औषधांनी हळूहळू गुण यायला लागला, तर घरात नवीनच लाज सुरू झाली. पाहुणे आले की गोळ्या पिठाच्या डब्यात! त्याच्या बहिणीचं लग्न जमायचंय, सोयऱ्यांना कळलं तर? मधुमेहाच्या गोळ्या लोक चारचौघांत ताटाशेजारी ठेवून खातात, त्याची कुणाला लाज वाटत नाही.

तो मला एकदा म्हणाला, "मामा, तुना चेंबर खाली शे का? माले गाणं भरनं शे." केळी पिकवायचं माझं एक चेंबर तेव्हा रिकामं पडलं होतं. जाड भिंती, जाड दार, बाहेरचा ट्रकचा हॉर्नसुद्धा आत येत नाही. पण पत्र्यामुळे आत आवाज घुमायचा, म्हणून त्याने माझ्या घरातल्या सगळ्या गोधड्या नेऊन भिंतींवर टांगल्या. लॅपटॉप क्रेटवर, माइक क्रेटवर, स्वतः क्रेटवर. थंड हवेचं यंत्र बंद ठेवावं लागे, त्यामुळे घामाघूम होऊन बाहेर यायचा आणि हसायचा. किती महिन्यांनी ते हसणं बघत होतो मी! त्याचा तो पहिला अल्बम. त्यात भगताची धुरी होती, पिठाचा डबा होता, भिंतीकडे तोंड केलेले दिवस होते. सगळं अहिराणीत, आमच्या घरच्या बोलीत, म्हणजे लपायला जागाच नाही. अल्बम लोकांसमोर आला आणि दाजींनी त्याच्याशी बोलणं सोडलं.

त्यातल्या एका गाण्यात ओळ आहे: "काल मी मरी गऊ." तो गेल्यावर त्यांच्या गावाने तेवढीच उचलली. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. भूषणचा फोटो, खाली ती ओळ, आणि त्याखाली हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे ओळीने चेहरे. सांत्वनाला दारावर येणाऱ्या बायका माझ्या अक्काला, म्हणजे त्याच्या आईला सांगायच्या, "त्यानी तं पहिलेच सांगी ठेयेल व्हतं, माय." तिने ते ऐकून ऐकून खरं मानलं. जेवण सोडलं. मी आईच कमी पडले, एवढंच बोलायची. दाजींचं वेगळंच चाललं होतं... गाणी काढून टाका, पोरीचं लग्न व्हायचंय.

गंधमुक्तीचा विधी होऊन सुतक फिटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अक्काला गाडीत घातलं आणि चोपड्याला आणलं. चेंबरमध्ये गोधड्या तशाच होत्या. तिला क्रेटवर बसवलं, दार लावलं आणि ते गाणं सुरू केलं. तिने अल्बम कधी ऐकलाच नव्हता. घरात ऐकू दिला नव्हता. "काल मी मरी गऊ" आलं आणि तिने पदर तोंडात कोंबला. लगेच पुढची ओळ आली: "आज उठीसन चहा मांडा." म्हणजे आज उठून चहा ठेवला. पुढे चहात आलं किती टाकलं, कप कसा फुटला, डॉक्टरांकडे जायचा वार कुठला, हेच सगळं गाणं. शेवटी मी दारावर थापा मारून ओरडतो ते ऐकू येतं, "भूषण, माल उना, बाहेर नीघ!" आणि तो हसत म्हणतो, "उनू मामा, उनू," आलो, आलो. ते त्याने मुद्दाम तसंच ठेवलं होतं.

अक्काने तोंडातला पदर काढला. मग माझ्यावरच ओरडली, "हाऊ मराले निंघेल पोऱ्याना आवाज शे का? सांग!" घरी गेल्यावर चपला काढायच्या आत तिने दाजींना सांगितलं, "एक बी गाणं काढानं नही. ज्याले सोयरीक नको, त्यानी येवानं नही." दाजी कोपऱ्यात बसले आणि पहिल्यांदा मोठ्याने रडले.

चौकातला फ्लेक्स मी चौकटीसकट उचलून आणला. पुढाऱ्यांचे चेहरे कापून टाकले. त्या ओळीखाली अक्काने स्वतःच्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात गाण्यातली पुढची ओळ लिहिली. मागच्या पांढऱ्या बाजूला मी लाल रंगात लिहिलं, "पुढे खड्डा आहे. गाडी हळू." आणि ती चौकट त्या रस्त्यावर रोवली. ठेकेदाराचा माणूस विचारायला आला होता, परवानगी कुणाची घेतली म्हणून. त्याला मी भूषणच्या फोटोसमोर नेऊन उभं केलं आणि म्हटलं, याला विचार.

खड्डा अजून तसाच आहे. गाड्या तिथे हळू होतात.