कुठला पाय, डॉक्टर?

"कुठला पाय, डॉक्टर?" असं म्हणत ते केसपेपर माझ्यापुढे सरकवायचे आणि टाक माझ्या हातात द्यायचे. परळच्या एका इस्पितळात, रेकॉर्डच्या खोलीत ते कारकून. आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. मी नवशिका डॉक्टर; 'पायात रक्ताची गुठळी' एवढं खरडून मोकळा व्हायचो. ते होऊ देतील तर ना!

"डावा की उजवा? शीर वरची की खोल? बाळंतपणातली का? अहो, प्रत्येकाचा आकडा वेगळा!"

रोगांच्या आकड्यांचं एक जाडजूड पुस्तक त्यांच्याकडे होतं. त्या आकड्यांप्रमाणे प्रत्येक रोग्याचं कार्ड ते खणात लावत. रक्त पाहून घेरी येते म्हणून वॉर्डात पाऊल न टाकणारा माणूस, आणि आम्हाला शिकवतोय! तुम्हीही असे खडूस कारकून पाहिले असतील, मनातल्या मनात शिव्याही घातल्या असतील.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. हरताळाच्या एका दुपारी शेजारणींनी एका बाळंतिणीला खुर्चीत घालून आणलं. घरी बाळंत होऊन चारच दिवस झालेले, धाप इतकी की तोंडातून शब्द फुटेना. नवरा सत्याग्रहात पकडलेला. हा न्यूमोनिया, की पायातली गुठळी फुप्फुसात गेलेली? पायावर सूज दिसत नव्हती. गुठळीवरचं इंजेक्शन उगाच दिलं तर ओली बाळंतीण रक्त जाऊन दगावायची. गुठळी असून न दिलं तरी दगावायची. "हिला आधी कधी असलं काही झालं होतं?" मी शेजारणींना विचारलं.

"पहिल्या खेपेला इथंच होती, महिनाभर ठेवलेली," एक शेजारीण म्हणाली. "पण बापानं माहेरचं नाव घातलेलं. ते आम्हांला काय ठाऊक! बाप लालबागचा, एवढंच."

मी रेकॉर्डच्या खोलीकडे धावलो. हरताळ असूनही भाऊसाहेब भोईवाड्याहून चालत आले होते.

"नाव राहू द्या," ते म्हणाले. "संशय कसला, ते सांगा."

"खोल शीर, बाळंतपण," मी म्हणालो. त्या आकड्याची सहा कार्डं निघाली. लालबागचं एकच. त्यावरून जुना कागद सापडला: डावा पाय, मांडीपर्यंत.

मी पळत येऊन टेप लावली. डावी मांडी उजवीपेक्षा दोन बोटं जास्त भरली. इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी बाई बाळाला मागू लागली.

पुढे भाऊसाहेब निवृत्त होऊन कोकणात गेले आणि तिकडेच वारले. मी त्यांचे आभार कधी धड मानलेच नाहीत. आज मानतो, अगदी मनापासून. बाई त्यांनी वाचवली. मी फक्त सुई टोचली.

ती बाई घरी जायच्या दिवशी मी तिला त्यांच्या खोलीत नेलं होतं. "ह्यांनी तुमचा कागद शोधला," म्हटलं. भाऊसाहेब गडबडून उभे राहिले. तिनं वाकून नमस्कार केला, तरी तिच्या तोंडाकडे बघायचा त्यांना धीर होईना. ती बाळाला घेऊन निघाली, तेव्हा मात्र चष्मा सारखा करून ते तिची पावलं बघत राहिले. ती जिना उतरून गेली तरी खाली बसले नाहीत.